लिटरला तीस

"घाम कधीपासून येत होता त्यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

दुपारचा एक वाजून गेला होता. कराडचा दवाखाना. माझ्या बायकोला, शालनला, आत नेलं होतं आणि मी दाराबाहेर तिच्या चपला हातात धरून उभा होतो. स्ट्रेचरवर घेताना त्या गळून पडल्या होत्या. डॉक्टर तरुण होते, माझ्या मुलीच्या वयाचे. एका हातात कागद, दुसऱ्या हातात पेन.

"आत्ताच," मी म्हणालो. "टोलनाक्यापासून."

"म्हणजे दहा-पंधरा मिनिटं?"

"दहाच."

त्यांनी ते लिहिलं आणि आत गेले.

एक चाळीसला ते बाहेर आले. "काका, बसा," म्हणाले. मी बसलो नाही. बसलो की ते सांगतील, असं मला वाटलं. त्यांनी उभ्यानंच सांगितलं.

"अ‍ॅटॅक मोठा होता. आम्ही सगळे प्रयत्न केले. बायकांना छातीत दुखेलच असं नसतं, काका. घाम येतो, पाठ भरून येते, मळमळतं. लक्षातच येत नाही. तासभर हातात असता तर गोष्ट वेगळी होती. पण दहा मिनिटांत कुणीच काही करू शकलं नसतं. तुम्ही लगेच आणलंत."

तुम्ही लगेच आणलंत, हे ते नंतर वैजूलाही म्हणाले. वैजू म्हणजे वैजयंता, आमची एकुलती एक मुलगी. पुण्याला असते. त्यांनी सांगितलेलं तिनं खरं मानलं. आजही मानते.

याला चार वर्षं झाली.

मी आनंदा थोरवत. एसटीत एकतीस वर्षं चालक होतो. राहणार गडहिंग्लज. आमच्यात दहा लिटर डिझेलला गाडी किती किलोमीटर गेली ते मोजतात. दर महिन्याला आगारात फळ्यावर प्रत्येक चालकाचं नाव आणि त्याचा आकडा लागायचा. माझं नाव सात वर्षं पहिलं होतं. निवृत्त झालो तेव्हा दोन गोष्टी अंगात मुरलेल्या होत्या. एक, पाय हलका ठेवायचा. दोन, उकाड्याबद्दल बोलायचं नाही. इंजिनाशेजारी बसून एकतीस उन्हाळे काढले की घामाचं काही वाटेनासं होतं. शालनही तसलीच. तिची अंगणवाडी पत्र्याखाली होती.

वैजूनं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आम्हाला दिली. हायब्रिड. पेट्रोलचं इंजिन आहे आणि बॅटरीवर चालणारी मोटरही आहे. कधी काय चालवायचं ते गाडीच ठरवते. पण तिला कसं ठरवायला लावायचं, ते चालवणाऱ्याच्या पायात असतं. ब्रेक लांबून, हळूहळू दाबला की बॅटरी भरते. करकचून दाबला की सगळं वाया. निघताना अंड्यावर पाय ठेवल्यासारखा पेडलवर ठेवायचा. वेग धरला की पाय किंचित सोडायचा, मग इंजिन आपोआप बंद पडतं आणि गाडी नुसती घरंगळत राहते. पुढचा सिग्नल, पुढचा चढ, पुढच्या गाडीचे लाल दिवे, हे सगळं दोनशे मीटर आधी दिसलं पाहिजे. टायरात हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. डिकीत नको ते ओझं ठेवायचं नाही. आणि एसी बंद. एसीनं आकडा हमखास पडतो.

मला हे शिकवावं लागलं नाही. नावं नवीन होती, काम तेच होतं.

पडद्यावर दर लिटरला किती किलोमीटर, तो आकडा दिसतो. मला रस्त्यावरून नजर काढायची सवय नाही, म्हणून आकडा वाचायचं काम शालनचं. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण पंधरा दिवसांत ती माझ्यापेक्षा तरबेज झाली.

"अहो, पाय काढा की! पुढं ट्रकचे दिवे लागलेत."

"बघितलंय मी."

"बघितलंय तर पाय का वर येत नाही? काटा बघा कुठं गेलाय. पंचवीस-आठ होता, पंचवीस-पाचावर आणलात."

एसटीतले साहेबसुद्धा मला असं बोलले नव्हते. पण मला ते आवडायचं. निवृत्तीनंतर घरात दोन माणसं दोन खोल्यांत बसून असायची. या गाडीनं आम्हाला एकाच बाकावर बसवलं.

वैजूच्या हातात ही गाडी कधी एकोणीसच्या वर गेली नव्हती. आम्ही सव्वीस काढून फोटो पाठवला, तर तिचा फोन. "आण्णा, उतारावरचा फोटो काढून पाठवलात. फसवताय मला."

"उतार कुठला गं? आजऱ्याला जाऊन आलो."

"मग तीस काढून दाखवा. पुणे ते गडहिंग्लज, पूर्ण रस्ता. तीस आले तर मानते."

शालननं माझ्या हातातून फोन घेतला. "तीस आल्यावर काय देशील?"

"सगळ्या नातेवाइकांना सांगीन, की माझे आण्णा महाराष्ट्रात एक नंबर आहेत."

"आणि आकडा वाचणारीचं नाव?"

"तुझं आधी."

एप्रिलमध्ये आम्ही वैजूकडे आठ दिवस राहिलो. परत निघायच्या दिवशी सकाळी मी हवा तपासली, पंपावर टाकी भरली आणि आकडा शून्यावर आणला. पंपावरून परत आलो तर वैजू डिकीत पिशव्या ठेवत होती. लोणच्याची बरणी, कुकर, एक गादी.

"गादी नको," मी म्हणालो. "सात-आठ किलो आहे."

"आण्णा, खरंच?"

शालन पायरीवर बसून चपला घालत होती. म्हणाली, "मलाच ठेवून जावा की इथं. अठ्ठावन किलो कमी होतील."

वैजू हसली, मीही हसलो. गादी राहिली.

नऊ चाळीसला निघालो. महामार्गावर डावीकडच्या पट्ट्यात साठ. मागचे हॉर्न मारून जात होते. खंबाटकीचा घाट चढताना आकडा पडला, ते धरलेलंच होतं. चढ संपल्यावर मी पाय काढला आणि पुढचा सगळा उतार गाडी पेट्रोलचा थेंब न घेता उतरली. बॅटरी काठोकाठ. शालन वाचत होती, "सत्तावीस-दोन. सत्तावीस-नऊ. आता बोलू नका, अठ्ठावीस व्हायलाय." काचा वर केलेल्या, कारण उघड्या काचेतून वारा आत घेतला की गाडी ओढते. नुसता पंखा चालू होता, तोही एकावर. बाहेर एकोणचाळीस अंश होतं. तिनं रुमाल पाण्यात भिजवून मानेवर टाकला होता.

साताऱ्याच्या थोडं अलीकडे ती म्हणाली, "घाम लई यायलाय आज."

"एसी लावू?"

तिनं पडद्याकडे बघितलं. "एकोणतीस-तीन झालंय. नको. आता लावला तर सगळं मातीत."

मला बरं वाटलं. मी विचारलं होतं आणि तिनं नको म्हटलं होतं.

साताऱ्याला महामार्ग गावाबाहेरून जातो. गावात जायचं तर बाजूच्या रस्त्यानं खाली उतरावं लागतं. उतरायचा फाटा समोर दिसायला लागला तेव्हा ती म्हणाली, "अहो, इथं थांबूया का जरा? खाली उतरून चहा घेऊ. पाठ अवघडलीय."

एवढंच. ती कण्हत नव्हती. तिनं छातीला हात लावला नव्हता. नेहमीच्या आवाजात म्हणाली.

मी म्हणालो, "खाली उतरलं की सिग्नल, रिक्षा, सगळं आलं. दहा ठिकाणी ब्रेक लागतोय. कराडला थांबू. तवर तीस होतंय."

फाटा डाव्या बाजूनं मागे गेला.

मी त्यावेळी तिच्याकडे बघितलं नाही. मी दोनशे मीटर पुढे बघत होतो.

साताऱ्यात मोठे दवाखाने आहेत. पाच मिनिटांवर होते. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. एकतीस वर्षं त्या रस्त्यानं गाडी चालवली आहे मी. पण घाम म्हणजे काही आजार नाही, आणि पाठ कुणाची अवघडत नाही? त्या गाडीत तिला घाम येणारच होता, कारण एसी मीच बंद ठेवला होता. थंड गाडीत कुणाला असा घाम फुटला असता तर आंधळ्यालाही कळलं असतं.

नागठाण्यानंतर ती आकडे कमी वाचायला लागली. मी विचारायचो, "किती?" ती सांगायची, "वाढतोय." मला वाटलं, दमली.

उंब्रजच्या जवळ ती म्हणाली, "झालं."

"किती?"

"तीस. तीस पॉइंट शून्य."

"फोटो काढ, फोटो काढ! परत खाली जाईल."

तिनं पर्समधून मोबाइल काढायला फार वेळ लावला. मी म्हणालो, "गाडी हलत नाही तरी तुझा हात का हलतोय?" तिनं फोटो काढला आणि वैजूला पाठवला. त्याखाली काहीतरी लिहिलंही. मग मोबाइल मांडीवरून घसरून खाली पडला, तो तिनं उचलला नाही.

तासवड्याच्या टोलनाक्यावर रांग होती. गाडी थांबली आणि इंजिन बंद झालं. हायब्रिड गाडी उभी राहिली की काही आवाज करत नाही. मला त्या शांततेचा अभिमान होता. एसटीत एकतीस वर्षं कान फुटेपर्यंत आवाज ऐकला, त्यानंतर ही शांतता. पाहुण्यांना मी सांगायचो, ऐका, काही ऐकू येतंय का?

त्या दिवशी ऐकू आलं. शालनचा श्वास. छोटा, भरभर, मध्येच अडकणारा.

मी वळून बघितलं. ब्लाउज पाठीला आणि गळ्याला चिकटलेला. केस भिजलेले. चेहरा राखेच्या रंगाचा. हा उकाड्याचा घाम नव्हता. हे मला एका नजरेत कळलं, म्हणजे ते आधीही कळलं असतं. नजर मात्र टाकायला हवी होती.

"शालन, काय होतंय?"

"मळमळतंय."

मी एसी लावला. पूर्ण चारवर. ती म्हणाली, "आता कशाला?"

हे तिचं शेवटचं बोलणं.

पुढच्या गाडीवाल्याला मी खिडकीतून ओरडून सांगितलं, बाई आजारी आहे. त्यानं वाट दिली. त्यानंतर कराडपर्यंत मी पेडल जमिनीला टेकवलं होतं. एवढ्या जोरात मी आयुष्यात गाडी चालवली नव्हती. ती सरळ बसली नव्हती की आडवी पडली नव्हती, पट्ट्यात अडकून बसल्यासारखी होती आणि डोकं काचेला लागत होतं. मी एका हातानं ते धरायचा प्रयत्न करत होतो.

दवाखान्याच्या दारात गाडी बंद केली. गाडी बंद केली की पडद्यावर त्या प्रवासाचा आकडा येतो. एकोणतीस-एक.

मी तो वाचला. दोन वॉर्डबॉय तिला उतरवून घेत होते आणि मी तो आकडा वाचला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला हवं म्हणून इथे सांगतो.

वैजू साडेचारला पोचली. जावईबापू गाडी चालवत होते. मी बाकावर बसलो होतो. ती माझ्यासमोर खाली फरशीवर बसली आणि माझे गुडघे धरले.

"आण्णा, आईला फार त्रास झाला का?"

"नाही."

"काही म्हणाली?"

"नाही. एकदम झालं. टोलनाक्यावर."

तिनं पर्समधून मोबाइल काढून मला दाखवला. शालननं पाठवलेला फोटो. पडद्यावर तीस आणि कोपऱ्यात तिच्या बोटाचं टोक. खाली लिहिलं होतं, 'तुझे आण्णा एक नंबर.' तिनं स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. त्याखाली वैजूनं पाठवलेलं, 'मानलं!' आणि हसणारे चार चेहरे.

"तोपर्यंत ती ठीक होती ना?" वैजू म्हणाली. "बघा ना, बारा अडतीसचा आहे. हसत होती ना ती?"

"हसत होती."

"नक्की?"

"हो गं."

मग तिनं माझ्या गुडघ्यांवर डोकं टेकवलं आणि हुंदके देत जे बोलली, ते मला तेव्हा नीट कळलं नाही. नंतर कळलं.

"सकाळी ती मला म्हणाली होती, आण्णा. तुम्ही पंपावर गेला होता तेव्हा. पाठ भरून आल्यासारखी वाटतेय म्हणाली. मी बाम चोळून दिला. मला ऑफिसचा कॉल होता. मी म्हटलं, गाडीत जरा मागे रेलून बस, बरं वाटेल. मी थांबवायला पाहिजे होतं. मी तिला पाठवलं."

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात शब्द आलेही होते. पण डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या वडिलांनी लगेच आणलं होतं. दहा मिनिटं फार कमी असतात." वैजूनं वर माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात इतकी माया होती की मी गप्प बसलो.

ती दहा मिनिटं केसपेपरवर लिहिलेली आहेत. कागद वैजूच्या फाइलमध्ये आहे.

गाडी मी विकली नाही. बाजाराला जातो, पेन्शनच्या कामाला जातो. एसी डिसेंबरमध्येही लावतो. शेजारचे जाधव एकदा बसले होते, म्हणाले, "आनंदराव, काकडलो की हो, किती थंड ठेवता?" मी बंद केला नाही. आकड्याच्या जागेवर मी खाकी चिकटपट्टी लावली आहे. मला भूतबित काही दिसत नाही. पण सिग्नलला गाडी उभी राहते आणि इंजिन बंद होतं, तेव्हा मी डावीकडे बघतो. दर वेळी बघतो. त्या वेळी बघितलं नाही म्हणून आता बघतो. मागचा हॉर्न वाजवेपर्यंत माझं लक्ष तिथंच असतं. काही वेळा श्वास ऐकू येतो. तो माझाच असतो.

वैजू दर महिन्याला फोन करते, सुट्टीला येते. तो फोटो तिनं मोठा करून तिच्या घरात लावला आहे. आलेल्या माणसांना सांगते, माझी आई शेवटच्या क्षणापर्यंत अशी खेळत होती. सांगताना तिचं तोंड हसतं. पण एकटी असली की ती बामाचंच बोलते. गेल्या दिवाळीत आली होती. मी अंगणात पाणी मारत होतो. ती मागे येऊन उभी राहिली.

"आण्णा, मी एका डॉक्टरणीकडे जातेय. मनाच्या."

"का गं? काय होतंय?"

"झोप लागत नाही. आईची पाठ दिसते. माझा हात तिच्या पाठीवर असतो आणि मला कळत नाही." मग ती म्हणाली, "डॉक्टरीण विचारते, तुमच्या घरात तुम्हाला कोण दोष देतं? मी म्हटलं, कुणीच नाही. आण्णांनी तर आजपर्यंत एका शब्दानं विचारलं नाही, तू सकाळी का पाठवलंस म्हणून."

माझ्या हातातला पाइप तसाच वाहत होता. तुळशीत पाणी भरून बाहेर आलं.

"तुझी काही चूक नाही," मी म्हणालो.

"तुम्ही असंच म्हणणार."

"अगं, खरंच नाही."

"कशावरून?"

मला सांगता आलं असतं. दोन वाक्यं होती. मी नळ बंद करायला गेलो. परत आलो तर ती घरात जाऊन फराळाचे डबे भरत होती.

आता ती बेचाळीसची आहे. साताऱ्याला तिची आई थांबूया म्हणाली होती आणि मी थांबलो नाही, हे वैजूला सांगायचं अजून राहिलं आहे.